सांगा पाहू! आपल्याच शिवाराच्या परीक्षेत तुम्हाला किती मार्क?

पेरू देशाची राजधानी कोणती, असे विचारा. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे पिंपळगावातले कोणतेही पोर पटकन 'लिमा' असे उत्तर देईल. आता त्याच पोराला विचारा, की बाबा, बांधावरचा पेरू मूळचा कुठला? आपल्या कादवेचे पाणी शेवटी कोणत्या समुद्राला मिळते? कांद्याच्या कोणत्या वाणाला आपल्या गावाचे नाव आहे? पोर डोके खाजवू लागेल. पण त्याला हसू नका. हेच प्रश्न पारावर टाकले तर भलेभले एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

सामान्य ज्ञान म्हणजे लांबच्या देशांच्या राजधान्या आणि नद्यांची लांबी, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. प्रत्यक्षात आपल्या शिवाराचे, ताटाचे आणि आभाळाचे सामान्य ज्ञान थेट आपल्या खिशाशी बांधलेले आहे. म्हणून आज ही परीक्षा. प्रश्न दहा, प्रत्येकी दहा मार्क. आधी प्रश्न वाचा, उत्तर मनात धरा, मगच पुढचे वाचा. कॉपी चालणार नाही!

प्रश्न १ : कांद्याच्या कोणत्या वाणाला पिंपळगावचे नाव आहे?

उत्तर : बसवंत-७८०. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा हा खरिपाचा लाल कांदा. विद्यापीठाचे कांदा संशोधनाचे केंद्र पिंपळगाव बसवंतला आहे, त्यावरून वाणाला हे नाव पडले. दुसरा नामांकित वाण एन-२-४-१. हा रब्बीचा, आपल्याच भागातल्या गावरान कांद्यातून निवडून काढलेला.

आता यातला खिशाचा भाग ऐका. दोन्ही कांदेच, पण स्वभाव वेगळे. खरिपाचा कांदा पाणीदार, त्याला चाळीत दम धरवत नाही, तो काढला की विकायचा. एन-२-४-१ नीट सुकवला तर पाच-सहा महिने टिकतो. भाव वाढेल या आशेने लाल कांदा कोंडून ठेवणारा आणि घाईने उन्हाळ कांदा काढून टाकणारा, दोघेही नुकसानीत जातात. म्हणून बियाणे घेताना नुसता रंग पाहू नका, वाणाचे नाव आणि हंगाम विचारा.

प्रश्न २ : आपण कांद्याचे काय खातो? मूळ, खोड की पान?

बहुतेक जण मूळ म्हणतात. जमिनीत वाढतो, मग मुळाच नाही का? नाही! आपण खातो ती पाने. पातीचा बुडखा फुगतो आणि त्याचे एकावर एक थर बसतात, तोच कांदा. खोड म्हणाल तर बुडाशी असते ती छोटी चपटी थाळी, आणि मुळे त्या थाळीखाली.

हे कळले की कांदा सुकवण्याचे मर्मही कळते. पात म्हणजे कांद्याचाच वरचा भाग. काढल्या काढल्या पात कापली तर मान उघडी पडते आणि तिथूनच सड आत शिरते. म्हणून निम्म्या माना पडल्या की काढणी करावी, दोन-तीन दिवस पातीसकट शेतात सुकवावे, दीड इंचाच्या आसपास मान ठेवून पात कापावी आणि नंतर सावलीत वाळवावे. मान मिटली की कांदा टिकला.

आणि डोळ्यांत पाणी का येते? कांदा कापला की आतला गंधकाचा पदार्थ आणि विकरे एकत्र येतात व त्यातून झोंबणारा वायू तयार होतो. या वायूमागे एक वेगळेच विकर आहे, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००२ साली शोधले. त्यासाठी त्यांना २०१३ साली 'आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या' संशोधनाचे इग नोबेल हे गमतीदार पारितोषिक मिळाले. भाव पडल्यावर डोळ्यांत येणाऱ्या पाण्यावर मात्र अजून कोणी शोध लावलेला नाही!

प्रश्न ३ : टोमॅटो फळ की भाजी?

पिंपळगावच्या मार्केटात रोज टोमॅटोच्या जाळ्यांचे ढीग पाहणाऱ्यांना हा प्रश्न पोरकट वाटेल. पण याच प्रश्नावर अमेरिकेत थेट सर्वोच्च न्यायालयात खटला चालला. तिथे १८८३ च्या कायद्याने बाहेरून येणाऱ्या भाजीवर जकात होती, फळांवर नव्हती. निक्स नावाच्या व्यापाऱ्यांनी दावा लावला, की टोमॅटो फळ आहे, आमची जकात परत द्या. १८९३ साली न्यायालयाने निकाल दिला : शास्त्राप्रमाणे टोमॅटो फळ असेल, पण लोक तो जेवणात खातात, जेवणानंतरचे गोड म्हणून खात नाहीत, सबब तो भाजी. व्यापारी हरले.

म्हणजे उत्तर असे, की झाडाच्या हिशेबाने फळ, बाजाराच्या हिशेबाने भाजी. आणि फळ असल्यामुळेच तो पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतो. फुटलेले, डागी फळ हा वायू जास्त सोडते आणि शेजारच्या फळांनाही लवकर पिकवते. लांबच्या बाजाराला माल जाणार असेल तर जाळीतले एक चेचलेले फळ बाजूला काढणे हे मजुरीचे काम नव्हे, कमाईचे काम आहे.

प्रश्न ४ : उपवासाच्या साबुदाणा खिचडीत अस्सल देशी काय?

विचार करा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. मिरची अमेरिकेची, बटाटा पेरू देशाच्या बाजूच्या डोंगरांतला. रताळे आणि राजगिराही तिकडलेच. पोर्तुगीज आणि इतर दर्यावर्दी यायच्या आधी, म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी, यातले काहीच आपल्याकडे नव्हते. ज्ञानेश्वर महाराजांच्या काळात एकादशीला साबुदाणा खिचडी नव्हती, हे लक्षात घ्या.

मग उपवासाचे देशी काय? वरई, म्हणजे भगर. हे धान्य आपल्याच देशात माणसाळवले गेले, आणि आपल्याच जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या डोंगरउतारावर आदिवासी बांधव ते पिढ्यान् पिढ्या पिकवत आले आहेत. नेहमीच्या ताटातले वांगे, तूर, मूग, उडीद, तीळ, काकडी हे देशी. बाजरी, ज्वारी आणि नागली मात्र आफ्रिकेतून आल्या, पण त्यांना येऊन हजारो वर्षे झाली. गहू आणि हरभरा पश्चिम आशियातले. बांधावरचा पेरू, सीताफळ आणि पपईसुद्धा अमेरिकेचे पाहुणे. आलेले पाहुणे आपल्या मातीत रुळले, हे खरे. पण घरचे भगर-नागली मागे पडले, हेही तितकेच खरे.

प्रश्न ५ : द्राक्षबागेतले बोर्डो मिश्रण कोणामुळे सापडले?

उत्तर : द्राक्षे चोरणाऱ्यांमुळे! फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या बागांतून येणारे-जाणारे घड तोडून नेत. वैतागलेल्या बागाईतदारांनी कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे निळसर पाणी मारायला सुरुवात केली. द्राक्षे विषारी वाटली पाहिजेत, एवढाच हेतू. १८८२ च्या सुमारास मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आले, की आतल्या बागेची पाने केवड्याने गेली आहेत आणि रस्त्याकडेच्या निळ्या वेली मात्र हिरव्यागार आहेत. १८८५ साली त्यांनी हे मिश्रण जगापुढे मांडले. आज डाउनीच्या दिवसांत निफाड तालुक्यातला ब्लोअर जे मारतो, त्यातले एक औषध असे जन्माला आले.

एक टक्का मिश्रणाचे माप पाठ असू द्या : मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर. दोन्ही वेगवेगळे प्लॅस्टिकच्या भांड्यात विरघळवून मग एकत्र करायचे. लोखंडी भांडे नको. मिश्रणात लोखंडी सुरी बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे. आणि केलेले मिश्रण त्याच दिवशी संपवा.

प्रश्न ६ : 'जी.ए.' चा शोध कोणत्या पिकामुळे लागला?

द्राक्ष म्हणालात तर चुकलात. उत्तर आहे भात. जपानी शेतकऱ्यांच्या भाताला एक विचित्र रोग येई. रोप भराभर उंच वाढे, पिवळे पडे आणि दाणा न भरताच कोलमडे. त्याला ते 'बाकाने', म्हणजे येडे रोप म्हणत. १९२६ साली कुरोसावा या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की रोगाच्या बुरशीतून पाझरणाऱ्या एका द्रव्यामुळे रोप असे वाढते. १९३५ साली याबुता यांनी त्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव दिले. तेच आपले जी.ए.

म्हणजे ज्याने भाताचे रोप येडे होत होते, तेच मापात दिले की बिनबियांच्या द्राक्षाचा मणी लांबतो आणि फुगतो. मापात, हे लक्षात घ्या. शेजाऱ्याने दोन दिले म्हणून आपण चार दिले तर देठ जाड आणि कडक होतात, मणीगळ वाढते, माल टिकत नाही. औषध तेच, फरक मापाचा.

प्रश्न ७ : महाबळेश्वर डोंगरावर, निफाड सपाटीवर. मग थंडीत निफाडचा पारा इतका खाली कसा जातो?

दर हिवाळ्यात निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा वर्तमानपत्रात येतो. थंडीच्या लाटेत तो ५ अंशांच्याही खाली गेलेला आहे. कारण असे : दिवसा तापलेली जमीन रात्री आपली ऊब आभाळात सोडते. ढग असले तर ते गोधडीसारखे ही ऊब अडवतात. आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला की गोधडी नाहीच! जड झालेली थंड हवा सखल जागी साचून राहते. डोंगरमाथ्यावरून ती घसरून जाते, सपाटीवर आणि नदीकाठी बसून राहते. म्हणून पहाटे डोंगरापेक्षा खालचे शिवार जास्त गारठते.

द्राक्षाला याचा फटका बसतो. मण्यांची फुगवण थांबते, पाणी उतरलेल्या मण्यांना तडे जातात. यावर उपाय म्हणजे पाणी. ओली जमीन कोरडीपेक्षा जास्त ऊब धरून ठेवते, आणि विहिरीचे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा बरेच उबदार असते. शेकोटीची ऊबही कामाची. नुसत्या धुराचा उपयोग मात्र फार थोडा. संध्याकाळी आभाळ स्वच्छ, चांदण्या लखलखीत आणि वारा शांत असला, तर रात्री झोपण्याआधी बागेचा विचार करा.

प्रश्न ८ : पिंपळगावात पडलेला पावसाचा थेंब कोणत्या समुद्राला मिळतो?

अरबी समुद्र जवळ, म्हणून तो उत्तर वाटतो. पण आपले पाणी ओढ्या-नाल्याने कादवेला, कादवा नांदूर मधमेश्वरला गोदावरीला, आणि गोदावरी पैठण, नांदेड करत तेलंगण-आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर, पण गोदामाई त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालते. उत्तरेला सातमाळ्याची रांग ओलांडली, की तिकडचा थेंब गिरणेला, गिरणेतून तापीला आणि तापीतून अरबी समुद्राला जातो. एका डोंगराच्या दोन बाजूंचे पाणी देशाच्या दोन टोकांना!

हा नुसता भूगोल नाही. आपला थेंब वाटेत पैठणच्या जायकवाडीत थांबतो आणि त्या पाण्यावर मराठवाड्याची शेते व शहरे जगतात. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्याचे पाणी वरच्या आणि खालच्या लोकांत समन्यायाने वाटण्याचे तत्त्व आणले. २०१३ च्या मेंढेगिरी समितीने ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत किती साठा आहे, यावरून वरच्या धरणांतून किती पाणी सोडायचे याचे गणित मांडले. म्हणजे रब्बी आणि उन्हाळ कांद्याचे क्षेत्र ठरवताना पालखेडचा साठा पाहून भागत नाही, जायकवाडीचा आकडाही पाहावा लागतो. सरपंच आणि पाणीवापर संस्थांनी हा आकडा दर ऑक्टोबरात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिला तर वाद कमी होतील, नियोजन जास्त होईल.

प्रश्न ९ : बाजीरावांनी निजामाला कोंडले ते पालखेड म्हणजे आपले धरणाचे पालखेड का?

अनेकांना तसे वाटते, अभिमानही वाटतो. पण नाही! फेब्रुवारी १७२८ मध्ये लढाई झाली ते पालखेड छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूरजवळ. आपले पालखेड दिंडोरी तालुक्यात, कादवेवर. नाव एक, गावे दोन.

ती लढाई मोठ्या रणकंदनाने जिंकलेली नव्हे. पहिल्या बाजीरावांनी वेगाने हालचाली करून निजामाला पाणी नसलेल्या मुलखात ओढले, त्याची रसद आणि पाणी तोडले. तोफा असूनही निजाम हतबल झाला आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. पाण्याची किंमत सांगणारी यापेक्षा मोठी गोष्ट कोणती? आज त्याच वैजापूर तालुक्याला नांदूर मधमेश्वरच्या जलदगती कालव्याने आपल्या बाजूचे पाणी जाते. इतिहासातले कोरडे पालखेड आणि भूगोलातले धरणाचे पालखेड असे पाण्यानेच जोडले गेले म्हणायचे.

प्रश्न १० : 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी दादासाहेब फाळक्यांनी कोणता हीरो पडद्यावर आणला?

उत्तर : वाटाणा! आपल्या जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेबांना सिनेमासाठी भांडवल हवे होते. पैसे देणाऱ्याला खात्री पटावी म्हणून त्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा लावला आणि एकेक चित्र टिपत त्याच्या वाढीची छोटी फिल्म केली. महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात झाली, तिचे नाव 'अंकुराची वाढ'. पुढे १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. भारतीय सिनेमाची सुरुवात अशी पेरणीने झाली.

याच प्रश्नाचा पोटप्रश्न : ज्ञानपीठ मिळालेले कोणते कवी पिंपळगावात शिकले? वि. वा. शिरवाडकर. त्यांचे प्राथमिक शिक्षण इथलेच. बहीण कुसुम, तिचे अग्रज म्हणून कुसुमाग्रज. १९८७ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले, आणि त्यांचा २७ फेब्रुवारी हा जन्मदिवस आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळतो.

झटपट फेरी, बोनस मार्कांसाठी

राज्यातले पहिले रामसर पाणथळ क्षेत्र? नांदूर मधमेश्वर, २०२०. राज्यातला सर्वांत उंच किल्ला? बागलाणातला साल्हेर, १,५६७ मीटर. २०२५ साली तो युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. देशातली पहिली किसान रेल कुठून सुटली? देवळालीहून, बिहारच्या दानापूरला, ७ ऑगस्ट २०२० रोजी. लासलगाव बाजार समितीची स्थापना? १ एप्रिल १९४७, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी. नोटांचा नाशिकरोडचा छापखाना कधीपासून? १९२८, आणि पहिली नोट पाच रुपयांची.

आता मार्क मोजा

ऐंशीच्या वर असाल तर गावच्या शाळेत जाऊन एक तास घ्या. पन्नासच्या आत असाल तरी वाईट वाटून घेऊ नका, शाळेत हे कोणी शिकवलेच नाही.

म्हणूनच ग्रामसेवक, तलाठी भाऊसाहेब आणि गुरुजींना एक विनंती आहे. १ मे ची ग्रामसभा असते, १५ ऑगस्टला झेंडावंदन असते. भाषणे दोन कमी करा आणि गावचीच प्रश्नमंजुषा ठेवा. पोरे एका बाजूला, शेतकरी दुसऱ्या बाजूला. बक्षीस म्हणून वही-पेन द्या, नाहीतर वरईचे पाकीट द्या.

सुरुवातीला तीन प्रश्न इथेच देतो. तुमच्या शिवारात आज किती विहिरी आहेत आणि त्यातल्या मे महिन्यात किती कोरड्या पडतात? गावच्या ओढ्याचे नाव काय, आणि तो कोणत्या नदीला मिळतो? तुमच्या आजोबांच्या काळी होते आणि आता कोणाच्याच घरी नाही, असे बियाणे कोणते? यांची उत्तरे कोणत्याही गाइडात सापडणार नाहीत. पहिल्याचे तलाठ्याच्या दप्तरात आणि विहिरीच्या काठावर, दुसऱ्याचे गावच्या नकाशावर, आणि तिसऱ्याचे ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे आहे. ते तेवढे लवकर विचारून घ्या.